परवानगी मागू नका, कळवा

वाचक विचारतात

या वेळी सात पत्रं एकाच प्रकारच्या घरांतून आली आहेत, म्हणून एकत्र घेतली. घरं ख्रिस्ती आहेत, पण मुंबईतल्या बहुतेक ख्रिस्ती घरांसारखी नाहीत. वांद्र्याच्या कॅथलिक किंवा भायखळ्याच्या जुन्या मराठी प्रोटेस्टंट घरातली मुलगी नोकरीसाठी पुण्याला निघाली तर आई डबा भरून देते. ही पत्रं लहान, स्वतंत्र मंडळ्यांमधल्या, म्हणजे छोट्या चर्चमधल्या, 'विश्वासी' घरांतली आहेत. तिथे टीव्ही 'जगिक', म्हणजे देवापासून दूर नेणारा, असतो, वाढदिवससुद्धा कुठे कुठे जगिक असतो आणि वडिलांना नाही म्हणणं म्हणजे देवाला नाही म्हणणं. भाग आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत. उत्तरं आमच्यातल्या वकील आणि समुपदेशक दोघींनी मिळून लिहिली आहेत.

मी २२ वर्षांची आहे, राहायला मालाडला, नोकरी अंधेरीला अकाउंट्समध्ये. पगार २१ हजार. तो बाबांबरोबरच्या जॉइंट खात्यात जातो, कार्ड त्यांच्याकडे. रात्री नऊला फोन जमा करावा लागतो. आधार, पॅन, मार्कशीट सगळं त्यांच्या कपाटात. मंडळीतल्या एका ब्रदरशी लग्न ठरवतायत. मला पीजीत राहायचंय. परवानगी मागितली की तीन दिवस उपास-प्रार्थना होते आणि उत्तर 'नाही' येतं. मी गेले तर पोलीस परत आणून सोडतील का?

नाही सोडणार. १८ पूर्ण झालेल्या व्यक्तीने कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे तिचं ती ठरवते. २०१८ मध्ये केरळच्या हादिया या सज्ञान तरुणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षी, आईने १८ पूर्ण झालेल्या मुलीचा ताबा मागितलेल्या केरळच्याच दुसऱ्या प्रकरणात, न्यायालयांनी पालकांचे पालक होऊ नये असंही म्हटलं. त्यामुळे 'परवानगी' हा शब्दच डोक्यातून काढा. परवानगी मागितली की ती प्रार्थनेचा विषय होते, आणि त्या घरात प्रार्थनेचं उत्तर कोण देतं हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही फक्त कळवायचं आहे, तेही निघाल्यावर.

आता क्रम. बहुतेकींचा घोळ क्रमातच होतो.

सगळ्यात आधी सिम. सध्याचं सिम वडिलांच्या नावावर असेल तर ते कधीही बंद करू शकतात किंवा गॅलरीत जाऊन डुप्लिकेट काढू शकतात, आणि मग तुमचे सगळे ओटीपी त्यांच्याकडे जातील. स्वतःच्या नावाचं नवं सिम घ्या, ते अंगठ्याच्या ठशावर मिळतं. फोन रात्री जमा होत असल्याने ते त्या फोनमध्ये घालू नका. जुना साधा हँडसेट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. मग ऑफिसच्या वेळेत आधार सेवा केंद्रात जाऊन नवा नंबर आधारला जोडा. नंबर बदलायला कागद लागत नाही, बोटांचे ठसे पुरतात. मूळ कार्ड हाती नसलं तरी आधार क्रमांक ऑफिसच्या एचआर फाइलमध्ये सापडेल. नंबर जोडला गेला की ई-आधार डाउनलोड होतं, डिजिलॉकर उघडतं, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका तिथे दिसतात. म्हणजे निम्मं कपाट तुमच्या हातात आलं. मूळ गुणपत्रिका मिळाल्याच नाहीत तर वाशीच्या मुंबई विभागीय मंडळाकडून दुय्यम प्रत मिळते. जन्मदाखला पालिकेकडे आहेच. कपाट फोडायची गरज नाही, फोडूही नका.

इथे एक खड्डा आहे. आधारचं प्लास्टिक कार्ड किंवा नवं पॅन कार्ड मागवलंत तर ते टपालाने नोंदीतल्या पत्त्यावर, म्हणजे घरी, येतं. दार वडील उघडतात. म्हणून सध्या ई-आधार आणि ई-पॅनवरच भागवा.

तिसरं, बँक. घराच्या आणि मंडळीच्या ओळखीच्या शाखेपासून दूर, अंधेरीत, फक्त स्वतःच्या नावाचं खातं उघडा. पत्रव्यवहाराचा पत्ता ऑफिसचा द्या आणि कार्ड, चेकबुक शाखेतूनच हाती घ्या. एचआरला नवा खाते क्रमांक पगाराच्या कट-ऑफआधी द्या. त्या महिन्याचा पगार जुन्या खात्यात पडला नाही की घरी त्याच दिवशी कळणार. तेव्हा पगाराच्या तारखेआधी दोन-तीन दिवस निघणं हे गणित पक्कं धरा. जॉइंट खात्यातून तुम्हालाही पैसे काढता येत असतील तर तुमच्या पगाराएवढेच काढा, त्याहून एक रुपया जास्त नको, आणि पासबुकाची नोंद किंवा स्टेटमेंट जपून ठेवा. वडिलांना मेसेज लगेच जाईल, म्हणून हे काम निघण्याच्या दिवशी, सगळ्यात शेवटी.

पैसे किती लागतील? मालाड-कांदिवली पट्ट्यात शेअरिंगचा एक बेड साधारण नऊ हजार धरला, दोन महिन्यांचं डिपॉझिट अठरा, दोन वेळचा डबा चार हजार, पास आणि फोन दीड हजार, किरकोळ दीड हजार, तर महिन्याचा खर्च सोळा हजार आणि पहिल्या महिन्याला चौतीस. पुढच्या दोन महिन्यांची बेगमी धरून ६६ हजार. एवढे नसतील हे उघड आहे. ऑफिसमध्ये पगाराची उचल मिळते का बघा, आणि पीजीपेक्षा नोकरदार महिलांच्या वसतिगृहाला आधी अर्ज करा. वायडब्ल्यूसीएची आहेत, सरकारी 'सखी निवास' आहेत. प्रतीक्षा यादी असते, म्हणून तीन महिने आधी. अर्ज भरताना एक रकाना नीट वाचा: 'लोकल गार्डियन'. बऱ्याच फॉर्मवर तो असतो, आणि मुली सवयीने वडिलांचा नंबर लिहून मोकळ्या होतात.

कपडे दोन आठवडे रोजच्या ऑफिसच्या बॅगेतून एक-एक जोड बाहेर काढा. बोरिवली-चर्चगेट लोकलला फुगलेली बॅग कुणाच्या नजरेत भरत नाही, घराच्या दारात भरते. निघायचा दिवस कामाचा असावा, वेळ सकाळची. रविवारी उपासनेच्या वेळी घर रिकामं असतं म्हणून तो मोह होतो. पण तुमची खुर्ची रिकामी दिसायला तिथे दहा मिनिटं पुरतात. दागिने, रोकड, वडिलांनी घेतलेला लॅपटॉप काहीही नेऊ नका. परत आणायचा सरळ मार्ग बंद झाला की चोरीची तक्रार हा आडमार्ग काही घरं धरतात.

मंडळीतल्या मैत्रिणीला सांगू नका, कितीही जवळची असली तरी. ती चुगली करणार नाही. ती फक्त संध्याकाळच्या ग्रुपवर 'आपल्या एका बहिणीसाठी प्रार्थना करा, ती परीक्षेतून जात आहे' असं लिहील, आणि रात्री आठला पाळक (पास्टर) तुमच्या दारात असतील.

निघाल्यावर त्याच दिवशी घर ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं तिथे पत्र द्या. दोन प्रती, एकीवर आवक शिक्का. मजकूर एवढाच:

'मी (नाव, जन्मतारीख) सज्ञान असून आज दि. … रोजी स्वतःच्या इच्छेने घर सोडून स्वतंत्र राहायला गेले आहे. मला कुणी नेलेले, फूस लावलेली वा डांबलेले नाही. सोबत फक्त माझे कपडे, कागदपत्रांच्या प्रती व माझा मोबाइल आहे. दागिने, रोकड नेलेली नाही. मी हरवल्याची तक्रार आल्यास वरील मोबाइलवर संपर्क करावा, मी जबाब द्यायला तयार आहे. माझा पत्ता घरच्यांना देऊ नये.'

शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तेच पत्र ठाण्याच्या ईमेलवर आणि स्पीड पोस्टने पाठवा, पावती ठेवा. घरी एक ओळीचा मेसेज पुरे: मी सुखरूप आहे, पोलिसांना कळवलं आहे. कारणं लिहू नका. प्रत्येक कारणाला एक वचन तयार असतं.

एवढं करूनही 'मिसिंग' दाखल झालीच तर ठाण्यात मैत्रिणीला किंवा वकिलाला घेऊन जा आणि जबाब द्या. 'आई-वडिलांना एकदा भेट तरी' असं हवालदार सांगतील. भेटायचं की नाही हे तुम्ही ठरवा, आणि भेटायचं तर ठाण्यातच, घरी नाही. वडील उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसला, म्हणजे 'डांबलेल्या मुलीला हजर करा' अशा याचिकेला, गेले तरी घाबरू नका. न्यायाधीश तुम्हालाच विचारतात. समुपदेशनाच्या नावाखाली अशा व्यक्तीचं मन वळवू नये आणि तिच्याशी घरच्यांच्या गैरहजेरीत बोलावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये उच्च न्यायालयांना बजावलं आहे.

पगार काढून घेणं हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ आहे. तो कायदा फक्त बायकोसाठी आहे हा समज चुकीचा, मुलगीही वडिलांविरुद्ध अर्ज करू शकते, आणि सध्या जिथे तात्पुरती राहते तिथल्या न्यायालयातही करू शकते. पण पोटगीची आशा मात्र फारशी ठेवू नका. अविवाहित सज्ञान मुलीला वडिलांकडून निर्वाह मागण्याचा जो हक्क हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात आहे, तो ख्रिस्ती मुलीला तसा नाही.

महिन्याभरात फोन येईल: आई अ‍ॅडमिट आहे. खराही असू शकतो. कुठलं हॉस्पिटल, कुठला वॉर्ड हे विचारा, वॉर्डच्या नंबरवर स्वतः फोन करा, आणि भेटीच्या वेळेत कुणाला तरी बरोबर घेऊन थेट हॉस्पिटलला जा. 'आधी घरी ये, मग एकत्र जाऊ' असं वाक्य आलं तर जाऊ नका.

मी बारावीत आहे, १८ व्हायला पाच महिने आहेत. मला इंजिनिअरिंग करायचंय. पप्पा म्हणतात ख्रिस्ताचं दुसरं येणं जवळ आहे, डिग्री कशाला, बायबल स्कूलला जा. मित्राचे आई-बाबा मला त्यांच्याकडे ठेवायला तयार आहेत. मुलुंड.

पाच महिने थांब. हे तुझ्यासाठी नाही, मित्राच्या आई-बाबांसाठी सांगतो आहोत. १८ च्या आतल्या मुलाला पालकांच्या संमतीशिवाय नेणं-ठेवणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली अपहरण ठरू शकतं, शिक्षा सात वर्षांपर्यंत. तू स्वखुशीने गेलास हे तुझं म्हणणं त्यांच्या बचावाला येऊ शकेल, पण अटकेच्या रात्री नाही.

मारहाण, कोंडून ठेवणं, जेवण तोडणं असं काही असेल तर मात्र थांबायचं नाही. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन कर, प्रकरण बालकल्याण समितीपुढे जातं आणि समिती तुला सुरक्षित ठिकाणी ठेवू शकते. नुसता करिअरचा वाद असेल तर समिती समजावून घरीच पाठवेल, आणि मग पुढचे पाच महिने आत्तापेक्षा वाईट जातील.

या पाच महिन्यांत परीक्षा दे, सीईटीचा फॉर्म वेळेत भर आणि त्याला स्वतःचा ईमेल दे. अधिवासाचा दाखला तहसील कार्यालयातून आत्ताच काढून ठेव. प्रवेशाच्या आठवड्यात तोच अडतो. तुझ्या नावाचं 'मायनर' खातं असेल तर १८ व्या वाढदिवसानंतर ते नव्याने केवायसी केल्याशिवाय चालत नाही, त्यात पैसे साठवले असशील तर हे लक्षात ठेव. शैक्षणिक कर्जाला बँका सहसा पालकाची सही मागतात. ती मिळणार नसेल तर पहिलं वर्ष कमी फीच्या सरकारी किंवा अनुदानित जागेवरच गणित बसव, खाजगी कॉलेजच्या मागे लागू नकोस.

माझं शिक्षण सातवीनंतर घरीच झालं, आता मी २० वर्षांची आहे. फ्रिजवर एक चित्र आहे: मोठ्या छत्रीखाली छोटी छत्री, तिच्याखाली आणखी छोटी. वरची ख्रिस्ताची, मधली वडिलांची, खालची आईची. लग्नापर्यंत वडिलांच्या छत्रीबाहेर गेलं की सैतानाचा पाऊस अंगावर येतो. हे कुठल्या पुस्तकात आहे? मी शोधलं, सापडलं नाही.

सापडणार नाही, कारण बायबलमध्ये ते नाही. ती छत्री अमेरिकेतून आली. बिल गॉथर्ड नावाच्या माणसाने इलिनॉय राज्यात १९६१ मध्ये एक संस्था काढली, सत्तरच्या दशकात त्याची शिबिरं मोठमोठ्या स्टेडियममध्ये भरत. अधिकाराची साखळी आणि तिच्याखालचं संरक्षण ही त्याची मुख्य शिकवण. १९८४ मध्ये त्याने घरी शिकवायचा अभ्यासक्रमही काढला. अनेक स्त्रियांनी गैरवर्तनाचे आरोप केल्यावर २०१४ मध्ये त्याने संस्था सोडली. मुलींनी लग्नापर्यंत बापाच्याच घरी, बापाच्याच कामात राहावं असं शिकवणारी टेक्सासमधली व्हिजन फोरम ही दुसरी संस्था २०१३ मध्ये बंद पडली. तिच्या प्रमुखाने विवाहबाह्य अनुचित नात्याची कबुली दिली होती. तिथल्या त्या पिढीतली मुलं आता मोठी होऊन बोलू-लिहू लागली आहेत. तिकडे काही मुलांच्या जन्माची नोंदच आई-वडिलांनी केली नव्हती. अशा एका मुलीचं प्रकरण गाजल्यावर टेक्सासला २०१५ मध्ये कायदा बदलावा लागला. चित्रं, कॅसेट, पुस्तिका मात्र जगभर फिरत राहिल्या, आणि फ्रिजवर चिकटलेली गोष्ट शास्त्रापेक्षा जुनी वाटू लागते.

या शिकवणीला आधार म्हणून बायबलमधल्या 'गणना' या पुस्तकाचा ३० वा अध्याय दाखवतात. तो अध्याय नवसांबद्दल आहे: बापाच्या घरात राहणाऱ्या तरुण मुलीने केलेला नवस बापाने ऐकल्याच्या दिवशी रद्द केला तर ती त्यातून मोकळी. नोकरी, शिक्षण, भाड्याची खोली यातलं तिथे काही नाही. हे वडिलांशी वाद घालायला सांगत नाही. त्या वादात तुम्ही जिंकणार नाही, कारण पंच तेच आहेत. तुमच्या स्वतःच्या मनातला पाऊस थांबावा म्हणून सांगतो आहोत.

शिक्षणाचं: राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, इथून दहावी करा. किमान वय १४, वरची मर्यादा नाही. पाच विषय, नोंदणी पाच वर्षं टिकते आणि तेवढ्यात नऊ संधी मिळतात. एका वेळी एक-दोन विषय दिले तरी चालतं. विषय निवडताना सुरुवात गणिताने करू नका. घरी शिकलेल्यांचं तेच कच्चं राहिलेलं असतं आणि पहिल्याच नापासाने घरच्यांना 'बघ, देवाची इच्छा नाही' म्हणायला जागा मिळते. मराठी किंवा हिंदी, गृहविज्ञान, डेटा एन्ट्री यांनी सुरुवात करा. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म हाही मार्ग आहे, पण त्यात सगळे विषय एकदम येतात.

वय २६, आयटीत आहे. विश्वास उरला नाही असं घरी सांगून टाकलं. आता पाळक म्हणतात माझ्यात 'आत्मा' आहे, कर्जतच्या बाजूला एका प्रार्थना केंद्रावर २१ दिवस नेणार. न गेल्यास मानसोपचाराला टाकू म्हणतात.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रार्थना करणं गुन्हा नाही. पण महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या बहाण्याने मारणं, बांधणं हा गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, आणि तो सर्व धर्मांना लागू आहे. तुम्हाला मनाविरुद्ध एकवीस दिवस काय, एकवीस मिनिटं खोलीत कोंडणं हेही बेकायदा बंदिवासात येतं. तेव्हा गाडीत बसू नका. बसवलंच तर ११२.

मानसोपचाराची धमकी पोकळ आहे, पण तिची तजवीज करून ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ३ सांगतं की समाजातल्या नैतिक मूल्यांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी न जुळणं हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार असू शकत नाही. संमतीशिवाय दाखल करायला दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, आणि अर्ज करतो तो तुमचा 'नामनिर्देशित प्रतिनिधी'. तुम्ही कुणाला नेमलं नसेल तर ते स्थान नातेवाइकाकडे जातं. म्हणून आजच साध्या कागदावर लिहा: अमुक मित्राला मी या कायद्याच्या कलम १४ खाली माझा प्रतिनिधी नेमतो. सही, तारीख. एक प्रत मित्राकडे, एक ईमेलमध्ये. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि एक आगाऊ सल्ला: विश्वास उरला नाही हे जेवणाच्या टेबलावर जाहीर करण्याआधी खोली भाड्याने घ्यायची असते. झालं ते झालं. तुमचा पगार तुमच्या हातात आहे, या महिन्यातच निघा. झोपच लागत नसेल, छातीत धडधडत असेल तर स्वतःहून १४४१६ वर टेली-मानसला फोन करा, तो सरकारी आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलतो.

मी २०, तो २४, दोघंही ख्रिस्ती, मंडळी वेगळी. आमचे पाळक लग्न लावायला नाही म्हणतात. वडिलांची संमती लागते का?

१८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली, हो. त्या कायद्यात २१ पूर्ण होईपर्यंत तुम्ही 'अज्ञान'च आहात आणि वडिलांची संमती लागते. विशेष विवाह कायद्याखाली लागत नाही: मुलगी १८, मुलगा २१, तीन साक्षीदार, दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य आणि मग ३० दिवसांची नोटीस. नोटीस कार्यालयात लागते, मंडळीतल्या कुणाच्या नजरेला पडू शकते, तेव्हा तोवर घराबाहेर पडलेल्या असा. हरकत फक्त कायद्यातल्या अटींवर घेता येते, 'आम्हाला पसंत नाही' ही हरकत नव्हे. पण घरातून सुटण्यासाठीच लग्न करत असाल तर आधी मालाडच्या मुलीचं उत्तर वाचा. एका छत्रीखालून थेट दुसरीखाली जायची घाई नको.

तुमच्यासारखे लोक मुलांना घरं सोडायला शिकवतात. माझा २४ वर्षांचा मुलगा चार महिन्यांपूर्वी चिठ्ठी ठेवून गेला. पाळक म्हणतात संबंध तोडा, उधळ्या पुत्रासारखा उपाशी होऊन परत येईल. वारसाहक्कही काढून घेणार आहे. हक्कसोड पत्र कसं करायचं? — सेवानिवृत्त, भांडुप

हक्कसोड पत्राची गरज नाही. ख्रिस्ती माणसाच्या स्वकष्टाच्या घरावर मुलाचा जन्मसिद्ध हक्क नसतो, तुम्ही हयात असताना त्याच्याकडे सोडायला काही नाहीच. भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्राने तुम्ही घर कुणालाही देऊ शकता. मृत्युपत्र केलं नाही तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांना समान, मुलगा-मुलगी, घरात राहणारा-गेलेला असा भेद नाही.

उधळ्या पुत्राची गोष्ट पाळकांनी अर्धीच सांगितली. बायबलच्या लूक १५ मधल्या बापाने मुलगा निघाला तेव्हा त्याचा वाटा काढून दिला, मागे माणसं पाठवली नाहीत आणि तो दूर असतानाच धावत जाऊन गळ्यात पडला. संबंध तोडलेला बाप त्या गोष्टीत नाही. मंडळीला त्याच्यावर बहिष्कार घालायला लावू नका. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

करायचं असेल तर हे करा: त्याच्या मूळ गुणपत्रिका आणि पासपोर्ट तुमच्या कपाटात असतील तर कुरिअरने पाठवून द्या, सोबत पत्र नको, वचन नको. पासपोर्ट तर मुळात केंद्र सरकारची मालमत्ता असतो, तुमचा नव्हे. महिन्यातून एक मेसेज, प्रश्नचिन्ह नसलेला. त्याच्या ऑफिसला जाऊ नका. बापांनी मुलांना चिरडीस आणू नये, हे बायबलमधल्या इफिसकरांना लिहिलेल्या पत्राच्या त्याच अध्यायात आहे ज्यातलं आज्ञापालनाचं वचन तुम्हाला पाठ असेल. तीन वचनं पुढे.

माझी मुलगी वर्षापूर्वी घर सोडून गेली. तिच्या पप्पांनी बोलायला बंदी केली आहे. फोन त्यांच्या हातात असतो. शेजारणीच्या फोनवरून तिने भेटायला बोलावलंय. नवऱ्याच्या अधीन राहायचं म्हणून मी गेले नाही. जाऊ का?

जा. तुम्हीही सज्ञान आहात, मुलीला भेटायला कुणाची संमती लागत नाही. नंतर घरी त्रास होण्याची भीती असेल तर १०३ हा मुंबई पोलिसांचा आणि १८१ हा महिलांसाठीचा नंबर शेजारणीच्या फोनमध्ये ठेवून जा, आणि कधी जाता-येता हे तिला सांगून ठेवा.

भेट तिच्या खोलीवर नको, पत्ता तुम्हाला माहीतच नसला तर कुणी विचारल्यावर खोटं बोलायची वेळ येणार नाही. दादर स्टेशनजवळचं एखादं हॉटेल बरं, दुपारी, पश्चिम-मध्य दोन्ही गाड्या जवळ. पहिल्या भेटीला तासभर पुरे. 'घरी कधी येतेस' हे विचारू नका, 'जेवतेस का नीट' हे विचारा. निरोप, पत्र, पाळकांनी दिलेलं काही बरोबर नेऊ नका. तिच्या आवडीचं काय असेल ते डब्यात घाला. डबा मात्र परत घेऊन या, घरातला एक डबा कमी झाला तर लक्षात येतं.